बाटली नंबर ५३-एन

मॅगझीनसाठी लेख द्या अशी नोटीस लागली तेव्हा मी इंग्रजी विभागात देणार होते. माझं शिक्षण साताऱ्यात कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी म्हणजे घरी बोलायची भाषा आणि परीक्षेपुरता एक विषय. पण ही गोष्ट मी आधी आजीला सांगितली आणि ती अर्थातच मराठीत सांगितली. मग पुन्हा इंग्रजीत लिहिताना तिची मजाच जायला लागली. म्हणून इथे. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, चुका राहिल्या असतील तर तिच्या!

गोष्ट वाल्देमार हाफकिन यांची. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट सगळ्यांना ऐकून माहीत असते. नाव कोणाचं हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं. कोणी पारशी शेठ असावेत असंच वाटायचं.

गेल्या सुट्टीत मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये सहा आठवडे प्रोजेक्ट केला. तिथे पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक इवलीशी बाटली दिली. करंगळीच्या पेराएवढी. तळाला पांढरी पावडर, ती पण उजेडात धरली तरच दिसणारी. लेबलवर लिहिलेलं, रिकॉम्बिनंट ह्यूमन आयकॅम-१, फक्त संशोधनासाठी. किंमत ऐकल्यावर मी ती दोन्ही हातांनी धरली.

मेकॅनिकलवाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरत असतात. पायात काटा मोडला की त्यांना नेमकं तिथेच उतरायचं असतं. पण रक्त वाहतंय, त्यात थांबायचं कसं? धावत्या एसटीतून उडी मारण्यासारखं आहे ते. म्हणून जखमेजवळची रक्तवाहिनी आपल्या आतल्या बाजूला काही चिकट प्रोटीन्स वर काढते. त्यांच्यामुळे पेशी आधी भिंतीवरून गडगडत हळू होते, मग घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून वाट काढून बाहेर पडते. त्या घट्ट चिकटण्यात आयकॅम-१ चा मोठा हात असतो. हे प्रोटीन १९८६ साली ओळखलं गेलं. पुढे तीन वर्षांनी कळलं की सर्दीचे बरेचसे व्हायरस याच प्रोटीनला धरून आपल्या पेशीत शिरतात. म्हणजे चोराने आपल्याच दाराची कडी वापरायची, तसं.

रिकॉम्बिनंट म्हणजे हे माणसाच्या शरीरातून काढलेलं नाही. माणसाच्या त्या प्रोटीनचा जीन लॅबमध्ये वाढणाऱ्या पेशींत घालतात, त्या पेशी प्रोटीन बनवतात, आपण ते गाळून, शुद्ध करून, सुकवून बाटलीत भरायचं. मग प्लेटच्या खळग्यांना त्याचा थर द्यायचा, वर पांढऱ्या पेशी सोडायच्या, धुवायचं आणि किती चिकटून राहिल्या ते मोजायचं. एवढाच माझा प्रोजेक्ट. गंमत म्हणजे पेशी नुसत्या सोडल्या तर फारशा चिकटत नाहीत, त्यांना आधी चेतवावं लागतं. (परीक्षेच्या आदल्या रात्री आपण चिकटतो तसं.)

चौथ्या आठवड्यात एका सकाळी सगळ्या पेशींच्या प्लेट्स गढूळ झालेल्या. बॅक्टेरिया! तीन आठवड्यांचं काम आणि त्या बाटलीतला बराचसा माल गेला. आदल्या संध्याकाळी शेवटचा हात कोणाचा? माझा. झालं. कोणी ओरडलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मला नुसती काचेची भांडी धुवायला दिली. तिथल्या एका सीनियर ताईने जाता जाता म्हटलं की तुझी ५३-एन झाली गं. मला काही कळलं नाही. रात्री शोधलं, आणि हाफकिन सापडले.

त्यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू, साधं. तिथल्याच युनिव्हर्सिटीत ते शिकायला गेले आणि त्यांना गुरू मिळाले इल्या मेचनिकॉफ. हे मेचनिकॉफ म्हणजे पांढऱ्या पेशींचे आजोबाच. १८८२ साली इटलीत मेसिना इथे त्यांनी स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचून ठेवला आणि सकाळी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी घेराव घातलेला. शरीर स्वतःच्या पेशी पाठवून लढतं ही कल्पना तिथून उभी राहिली. १९०८ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या बाटलीतल्या पावडरीचं मूळ शोधत गेलं तर त्या गुलाबाच्या काट्यापर्यंत पोचतं.

शिष्याचं नशीब मात्र वेगळं. १८८१ मध्ये झारच्या खुनानंतर दक्षिण रशियात ज्यूंवर दंगली झाल्या. हाफकिन विद्यार्थी होते, म्हणजे आपल्याच वयाचे. वस्ती वाचवायला जी पोरं उभी राहिली त्यात ते होते. पकडले गेले. मेचनिकॉफनी शब्द टाकला म्हणून सुटले. पुढे शिक्षण झाल्यावर युनिव्हर्सिटीत पुढची वाट बंद, कारण धर्म. ख्रिश्चन व्हा, मग बघू. ते झाले नाहीत. १८८८ मध्ये देश सोडून जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लागले. काम कसलं? ग्रंथालयात मदतनीस! दिवसा पुस्तकं, उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप. मेचनिकॉफही तोवर तिथे पोचले होते.

तिथे त्यांनी कॉलरा धरला. कॉलरा म्हणजे आपली पटकी. आजीला हा शब्द सांगितला तशी ती म्हणाली, मग मरीआईचा गाडा. पूर्वी आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार पोचवायचे, पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. हाफकिननी गिनीपिगमधून जंतू पुन्हा पुन्हा नेऊन आधी ते जास्त जहाल केले, आणि दुसरीकडे उष्णता आणि हवेने दुबळे. आधी दुबळ्यांची लस, मग जहालांची. १८ जुलै १८९२ ला त्यांनी ती पहिल्यांदा माणसाला टोचली. तो माणूस ते स्वतःच. ताप आला, हात दुखला, कामावर गेले.

युरोपात फार कोणी मनावर घेतलं नाही. १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले. नंतरची दोन अडीच वर्षं आग्रा, बंगाल, आसामचे चहाचे मळे असा हा माणूस फिरत राहिला. कलकत्त्याच्या वस्तीत सुरुवातीला लोकांनी दगड मारले. मग त्यांच्या बरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, तेव्हा माणसं पुढे आली. १८९४ मध्ये काटाल बागान वस्तीत साधारण २०० माणसांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे १० जणांना कॉलरा झाला, ७ दगावले, आणि हे सगळे न टोचलेल्यांतले. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर, काही टोचलेले आणि काही न टोचलेले. मला यात त्यांचा इंजिनिअरचा स्वभाव दिसतो. शेवटी चाळीस हजारांहून जास्त लोकांना टोचून, मलेरियाने पिळून निघाल्यावर ते युरोपला गेले आणि बरे होताच १८९६ मध्ये परत आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. तो ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक कॉरिडॉर, एक क्लार्क आणि तीन शिपाई मिळाले. आपल्या इथे प्रोजेक्टला जागा नाही म्हणून रडणाऱ्यांनी (मी धरून) हे वाक्य परत वाचावं.

लस बनवायची पद्धत वाचून मी तर उडालेच. जंतू वाढवायला मटणाचा रस्सा, तो पण बकऱ्याचा, म्हणजे गाय आणि डुक्कर दोन्ही वाद नकोत. आणि त्या रश्शावर तुपाचे थेंब! प्लेगचे जंतू या तरंगत्या तुपाच्या थेंबांना खालून लटकून, गुहेतल्या चुन्याच्या सुळक्यांसारखे वाढतात. भांडं हलवलं की सुळके तुटून खाली बसतात आणि नवे वाढतात. अशी पिकावर पिकं घ्यायची. मग तासभर तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडं कार्बोलिक ॲसिड टाकायचं, म्हणजे दुसरं काही वाढायला नको. हे कार्बोलिक ॲसिड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी पुन्हा स्वतःला टोचून घेतलं, १० सीसी. कडक ताप, दंड सुजलेला. मीटिंगला तसेच बसले. आज आपल्याला माहीत आहे की त्या सुजलेल्या दंडात काय चाललं होतं. तिथल्या रक्तवाहिन्यांनी चिकट प्रोटीन्स वर काढली होती आणि पांढऱ्या पेशी थांबून थांबून बाहेर उतरत होत्या. माझ्या बाटलीवर ज्याचं नाव होतं ते प्रोटीन हाफकिनच्या दंडात तेव्हा हजर होतं, त्यांना त्याचं नाव माहीत असायचा प्रश्नच नव्हता. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या तयार कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांपेक्षा टोचलेले कितीतरी चांगले निघाले.

तारखा शेजारी ठेवल्या की कसंतरी होतं. जानेवारी ९७ ला लस तयार. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. मुंबईची लस तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. आणि जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला. हा रँड आधी आपल्या साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता. सोजिरांनी घरात घुसून झडत्या घ्यायच्या, माणसं ओढून न्यायची, असा सरकारी बंदोबस्त एकीकडे चालू होता आणि दुसरीकडे हाफकिन लोकांपुढे स्वतःचा दंड उघडा करत होते. आगाखानांनी त्यांना राहायला, काम करायला जागा दिली आणि आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, मग हजारो खोजे आले. मला वाटतं सरकारला ही दुसरी रीत आधी सुचायला हवी होती.

साथ सातारा सांगली भागातही आलीच. आजीला तिच्या आजीने सांगितलेलं आठवतं, घरात उंदीर पडला की गाव मोकळं करायचं आणि रानात पाल ठोकून राहायचं, महिनोन् महिने. टोचणारे डॉक्टर आले की निम्मी माणसं उसात. लस घेतल्यावर दोन दिवस ताप यायचा, त्यामुळे भीती खोटी पण म्हणता येत नाही. लस शंभर टक्के नव्हतीच. पण घेतलेल्यांत मरणारे खूप कमी व्हायचे, हे हुबळीसारख्या ठिकाणी हजारोंना टोचून दिसून आलं.

१८९९ मध्ये त्यांची लॅबोरेटरी परळला जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ही वास्तू मूळची ख्रिस्ती पाद्र्यांची, मग गव्हर्नरांची. एका गव्हर्नरची बायको तिथे कॉलऱ्याने गेली, त्यानंतर गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले. कॉलऱ्याने रिकामं केलेलं घर कॉलऱ्याची लस काढणाऱ्याला मिळालं. सिनेमात दाखवलं तर खोटं वाटेल.

आणि मग मुलकोवाल.

१९०२ मध्ये पंजाब सरकारला लस लाखांनी हवी होती, लगेच. जुनी पद्धत हळू. हाफकिननी पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या रिवाजाप्रमाणे कार्बोलिक ॲसिड काढून टाकलं आणि फक्त उष्णतेवर भर दिला. ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. चार बाटल्यांतल्या कोणाला काही झालं नाही. पाचव्या बाटलीतून १९ जणांना टोचलं होतं. आठवडाभरात त्या सगळ्यांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. त्या बाटलीवर नंबर होता ५३-एन.

एकोणीस माणसं. लसीवर विश्वास ठेवून दंड पुढे केलेली. हाफकिनची बाजू घेताना हे विसरायचं नाही असं मी ठरवलंय.

चौकशी कमिशन बसलं. बाटली मुंबईत भरतानाच दूषित झाली, असा त्यांचा निष्कर्ष. ॲसिड का काढलं हा ठपका वेगळा. हाफकिनना डायरेक्टर पदावरून बाजूला केलं, १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. रशियात ज्यू म्हणून नको, आणि इथे ब्रिटिश डॉक्टरांच्या खात्यात बाहेरचा, डॉक्टरकीची डिग्री नसलेला. सुटका करायला कोण धावणार?

पण कागद होते. मुलकोवालला त्या दिवशीच्या नोंदी होत्या, आणि त्यातच उत्तर पडून होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधाच्या पाण्यात फिरवला आणि त्याच चिमट्याने ५३-एन चं बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत, शेणात. दुसरी गोष्ट, बाटली भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर वास मारला असता, आणि उघडताना डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता. तिसरी गोष्ट, बाटली जुनी विषारी असती तर लक्षणं लवकर दिसली असती. इथे आठवडा गेला, म्हणजे ताजे, थोडे जंतू शरीरात जाऊन मग वाढले. बॅक्टेरिया कळत नसले तरी हा हिशोब कोणालाही कळावा. कमिशनला तो का कळला नाही हे मला अजून कळलेलं नाही.

मलेरियाचे रोनाल्ड रॉस, ज्यांना तोवर नोबेल मिळालं होतं, ते या भांडणात उतरले. १९०७ च्या जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं. त्याच वर्षअखेर सरकारने हाफकिनना निर्दोष मानून परत बोलावलं. पाच वर्षं गेली होती. परत बोलावलं ते परळला नाही. तिथली खुर्ची भरलेली होती. त्यांना कलकत्त्याला जागा दिली आणि माणसांवर लसीच्या चाचण्या करायला परवानगी नाही. एवढं कमावलेल्या माणसाला हे! १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. उरलेलं आयुष्य धर्माच्या अभ्यासात आणि ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी पैसे ठेवण्यात गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारले.

परळच्या लॅबोरेटरीला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं, म्हणजे ते हयात असताना. तोवर मुंबईहून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये आपल्या पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

माझ्या प्लेट्सचं पुढे असं झालं की मी निघायच्या दोन दिवस आधी आणखी एकाच्या प्लेट्स गढूळ झाल्या. तो तर माझ्या टेबलाजवळ फिरकलाही नव्हता. शोधल्यावर कळलं की मीडियमची एक बाटली मी हातात घ्यायच्या आधीच कोणीतरी उघडून तशीच ठेवली होती. बाटलीवर ना तारीख ना नाव. मला कोणी काही म्हणालं नाही, भांडी मात्र दुसऱ्याकडे गेली. ताईने चहा पाजला.

दिवाळीत बाबांबरोबर मुंबईला केईएम हॉस्पिटलमध्ये ओळखीच्यांना बघायला गेले होते. त्याच आवारात रक्ताच्या आणि इम्युनिटीच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे. काही बाळांच्या पांढऱ्या पेशींना जन्मतःच चिकटता येत नाही. त्यांची नाळ आठवडे आठवडे पडत नाही, जखमा होतात पण पू होत नाही, कारण पेशी तिथे उतरतच नाहीत. आयकॅम-१ भिंतीवर आहे, पण त्याला धरणारा पेशीचा हातच नाही. अशा बाळांचं रक्त तिथे तपासतात. आणि त्याच रस्त्यावर थोडं चाललं की हाफकिन इन्स्टिट्यूट. रविवार होता, गेट बंद. बाबा म्हणाले इथे काय बघायचंय, गाडी चुकेल. मी म्हटलं दोन मिनिटं. नावाचा फोटो काढला आणि आजीला दाखवायला ठेवला.

आता माझ्या प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ आणि उघडणाऱ्याचं नाव असतं. मेसमधल्या माझ्या लोणच्याच्या बरणीवर पण. त्यावरून विंगमध्ये जी काय चेष्टा चालू आहे ती चालू दे.